अक्का, कंधारचा दाणा तू हलवत होतीस

अक्का,

दाजींनी चार ओळी मागितल्यात. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक लहान पुस्तिका काढायचीय. तुझ्या क्लासमधल्या बायांनी लिहून दिलंय, शेजारच्या मॅडमनी दिलंय. दाजी म्हणाले, ‘‘मिलिंद, तू बी लिही. तिचा लई जीव होता तुझ्यावर.’’ मी वही घेऊन बसलो तर पहिली ओळ आली ती ही, की तू मला फसवलंस. ही ओळ तिथं कशी छापणार? दोनदा खोडली. तिसऱ्यांदा पुन्हा तीच आली. तेव्हा म्हटलं, राहू दे. दाजींना चार ओळी वेगळ्या धाडतो. हे तुला.

तुला माहीतच आहे, मला लिहायची सवय नाही. लिहायचं काम तुझं होतं. नववीत इंग्रजीचा पेपर कोरा ठेवून मी वर्गातून उठलो आणि कंधारच्या स्टँडवर जाऊन बसलो, कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं, नुसता बसलो. त्या शनिवारी तू लातूरहून आलीस. मायनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तू मला ओढ्याकडं घेऊन गेलीस आणि म्हणालीस, ‘‘शाळा सोडली ते सोडली. आता एक ध्यानात ठेव मिल्या. कुठं बी इंग्रजी आडवं आलं की मला इचारायचं. लाजायचं न्हाई. तुझं इंग्रजी मी.’’

तुझं इंग्रजी मी. ह्या तीन शब्दांवर मी पंधरा वर्षं काढली, अक्का. पासपोर्टचा फॉर्म तू भरलास. मस्कतला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात कंपनीनं एक कागद सहीला दिला. मी फोटो काढून तुला धाडला, आणि तू क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करता करता दोन मिनिटांत उत्तर दिलंस, ‘‘सही करू नको. ह्यात सुट्टीच्या दिवशी बी काम लिहिलंय.’’ मी केली नाही. माझ्याबरोबरच्या चौघांनी केली, ते अजून शुक्रवारी साइटवर जातात. म्हणजे माझा शुक्रवारच मुळी तुझा आहे. त्या शुक्रवारचं काय करायचं, हे पण पुढं तूच ठरवलंस.

कॉम्प्युटरवरचा तो लढायांचा खेळ उन्हाळ्यात बाजारात आला. दख्खनची पाच तख्तं. तू चार महिने आधीपासून त्याची वाट बघत होतीस. फोनवर सांगायचीस, ‘‘अरे, ह्यात आपलं कंधार हाय. उदगीर हाय, औसा हाय, माहूर हाय. दिल्ली-बिल्ली न्हाई, रोम न्हाई. आपला मुलूख.’’ मला हसू यायचं. पस्तिशी ओलांडलेली बाई, घरी सासू, डब्यात भाकरी, आणि डोक्यात तोफा. दाजी तुला चिडवायचे, ‘‘आमच्या घरी मुख्यमंत्री, सेनापती समदं एकच.’’ तू म्हणायचीस, ‘‘दिवसभर मी काय टाइप करते? खालील चार पर्यायांपैकी अचूक पर्याय निवडा. डोकं चपटं व्हतं. हितं पर्याय मीच मांडते.’’

इथून परत जाणाऱ्या एका सुपरवायझरचा जुना लॅपटॉप मी घेतला होता. त्यावर खेळ तूच चढवलास. लातुरात बसून माझ्या पडद्यावरचा बाण तू हलवत होतीस आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत होतो. खेळानं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘‘अक्का, हे काय म्हणतंय?’’

‘‘परवलीचा शब्द मागतंय. तुझ्या बाजूला कुलूप. माझी खेळी तुला दिसू नये, तुझी मला.’’

‘‘मग काय टाकू?’’

‘‘थांब, मीच टाकते.’’

आणि तू टाकलास. मला सांगितलास, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. घराची किल्ली सख्ख्या बहिणीकडं आहे, ह्यात कुणाला काय वावगं दिसणार?

आपली रीत ठरली. फाइल एकच. शुक्रवारी मी माझी खेळी करायची, म्हणजे एका ऋतूचं सगळं, सैन्य, दाणा, वैरण, आणि फाइल तुला धाडायची. रविवार तुझ्या सुट्टीचा, त्या दिवशी तू तुझी करायची आणि फाइल मला परत. माझ्याकडं कंधार, तुझ्याकडं औसा आणि उदगीर. बाकीचा मुलूख कॉम्प्युटरचा. शुक्रवारी खेळी झाली की फोन. तास तास. माय म्हणायची, ‘‘ह्या दोघांचं कुठलं राज्य चाललंय, मला तर एक कोंबडी बी सांभाळंना.’’

पहिल्याच शुक्रवारी आपण दोघं पोट धरून हसलो होतो, आठवतं? त्यांनी कंधारला डोंगरावर बसवलं होतं. आपला सपाटीवरचा किल्ला, भोवती पाण्याचा खंदक, ज्याच्या काठावर बसून मी शाळा चुकवली, तो ह्यांनी उचलून कड्यावर ठेवला. खंदक नाही, मन्याड नदी भलतीकडून आलेली. तू म्हणालीस, ‘‘नकाशा काढणारा कधी कंधारच्या बसमध्ये चढला न्हाई बघ. एकदा चढला असता तर चढ कुठं हाय ते कळलं असतं.’’ पण पावसाळा आला आणि माझ्या तोफा शेतात रुतल्या, बैलं बसली, आणि पडद्यावर ती काळी माती तशीच चिकट दिसली, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, ‘‘ह्येला आपली माती माहीत हाय रे.’’ तुझा आवाज असा होता, जणू माहेराहून कुणी आलंय.

आणि एक भांडण. ते अजून मिटलं नाही. त्या खेळात एखादं गाव मोठं करून बघितलं की वेस दिसते, देऊळ दिसतं, मशीद, विहीर, पाटलाचं घर. तू एका रविवारी वेशीच्या बाहेर नेऊन फोटो काढलास आणि मला धाडलास. झाडं होती. तू म्हणालीस, ‘‘हितं आपली घरं पायजे होती मिल्या. झाडं लावलीत.’’

मी म्हटलं, ‘‘अक्का, खेळ हाय. जाऊ दे की.’’

‘‘कामून जाऊ दे? वेशीवर पहारा कोण देत होतं? किल्ल्याच्या आडरानात राखणीला कोण होतं? घोड्याचे चार रंग काढायला वेळ होता ह्यांना.’’

‘‘मग तू खेळू नको.’’

‘‘खेळणार. आन् लिहिणार बी.’’

तू खेळाच्या पानावर अभिप्राय लिहिणार होतीस, जिथं जगभरचे खेळणारे आपापलं मत टाकतात. मी विचारलं, मराठीत लिहिणार का? तू म्हणालीस, ‘‘इंग्रजीत. त्यांना कळाया पायजे ना.’’ पुढं मी एकदोनदा विचारलं, लिहिलंस का, काय लिहिलंस? तू म्हणालीस, ‘‘लिहिलं की. तेच, आपली घरं, आपली माती.’’ मला खरं वाटलं. तुझं इंग्रजी, माझं त्यात काय?

आता जिंकण्याचं सांगतो. तुला माहीतच आहे, पण तरी सांगतो, कारण तुला माझ्या बाजूनं माहीत नाही. किंवा होतं, आणि तेच तर दुखतंय.

मी कधी काही जिंकलो नव्हतो, अक्का. शाळेत नाही, नांदेडच्या कूलरच्या दुकानात नाही, इथं तर नाहीच. इथं माझं काम म्हणजे छतात चढायचं आणि पत्र्याच्या डक्टमध्ये अर्धं शिरून जोड बसवायचा. खालून कुणी ओरडलं की मला वाटतं माझीच चूक झाली. दाजींचा नंबर फोनवर दिसला की पहिलं मनात येतं, मायला काही झालं का. मी तसाच आहे, भित्रा. पण त्या खेळात बिदरची फौज कंधारवर चालून आली आणि दोन ऋतू वेढा देऊन दाण्यावाचून परत गेली, माझ्या कोठारात मात्र धान्य होतं! तू म्हणालीस, ‘‘रसद सांभाळावी तर कंधारकरांनी.’’ मी माझ्या खोलीतल्या राजन्नाला ते पुन्हापुन्हा सांगितलं. राजन्ना बोधनचा, आपल्या सीमेपलीकडचा, वयानं मोठा, बारावी शिकलेला. तो म्हणायचा, ‘‘हौ रे बाबा, तू नवाब. अब नवाबसाब पानी का कॅन भर के रखो.’’ मी कॅन भरायचो, पण चालायचो वेगळा. अकरा लढाया जिंकलो मी. अकरा. साइटवर कुणी ओरडलं की मनात म्हणायचो, ओरड, तुला काय माहीत.

तुझी बातमी सोमवारी आली. दाजी फोनवर नीट बोलू शकत नव्हते. डेंगू, चार दिवस, मग एकदम. कंपनी म्हणाली, आठ दिवसांनी जाता येईल. आठ दिवसांनी मी कशाला जाऊ? तुझा फोटो आला, पांढरी साडी, समोर मेणबत्ती, बाजूला बुद्धाची मूर्ती. मला तो फोटो बघवेना. मग मी तू जिथं जिथं होतीस तिथं जाऊन बघू लागलो. तुझे जुने आवाज ऐकले. खेळ उघडला. तुझ्या नावावर बोट ठेवलं तर तुझं पान उघडलं, आणि त्यावर एकच ओळ निळी होती. राजन्ना म्हणाला, ‘‘ये रिव्ह्यू है. दीदी का.’’

मी म्हटलं, ‘‘पढ ना.’’

त्यानं वाचायला सुरुवात केली, दोन ओळी वाचल्या की मला सांगायचा. डोंगरावरचं कंधार होतं. माती होती. वेशीबाहेरची झाडं होती, आणि त्यावर तू जे लिहिलं होतंस ते ऐकून राजन्ना सुद्धा म्हणाला, ‘‘दीदी सच्ची लिखी.’’ माझा ऊर भरून आला. मग तो थांबला. पडदा खाली सरकवला, परत वर आणला.

‘‘क्या हुआ?’’

‘‘कुछ नै. बस, इतनाच.’’

‘‘नीचे और है, दिख रहा है मेरेकु.’’

‘‘नक्को रे मिलिंद.’’

मी हट्ट धरला. त्यानं वाचलं. मी तीन वेळा वाचायला लावलं आणि मराठीत लिहून घेतलं. असं आहे ते:

‘‘हा खेळ मी माझ्या धाकट्या भावासोबत खेळते. तो परदेशात कामाला आहे. सैन्याच्या आधी दाणा पुढं धाडायचा असतो हे त्याला कितीही सांगितलं तरी सुचत नाही. म्हणून माझी खेळी संपली की मी त्याचा शब्द टाकून त्याची बाजू उघडते, धान्य आणि वैरण योग्य जागी हलवते आणि मग फाइल धाडते. नाहीतर तिसऱ्या ऋतूतच त्याचा किल्ला उपाशी पडला असता, आणि दर आठवड्याला फोन करायला त्याच्याकडं कारण उरलं नसतं. त्याला वाटतं तो अकरा लढाया जिंकला. माझ्या हिशोबानं दोन. पुढच्या आवृत्तीत कच्च्या खेळाडूला नकळत मदत करण्याची सोय द्यावी.’’

खाली बऱ्याच जणांनी हे उपयोगी पडलं म्हणून खूण केलेली. कुणीतरी हसण्याचं चिन्ह टाकलेलं. एकानं लिहिलेलं, राजन्नानं तेही वाचलं, ‘‘फारच गोड बहीण.’’

अक्का, त्या परक्या माणसाला ते कळलं. कुठल्या कोण देशात बसून तो हसला. मला कळलं नाही. आणि तू ते इंग्रजीत लिहिलंस, अगदी त्याच जागी ठेवलंस जिथं मी कधी जाणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. तुझं इंग्रजी मी, म्हणाली होतीस.

लहानपणी अंगणात चौकटी आखून आपण चिंचोक्यांनी खेळायचो, तेव्हाही तू हरायचीस. एकदा मी बघितलं, तू मुद्दाम माझ्या दानातला उलटा चिंचोका सुलटा केलास. मी पट पायानं पुसला आणि रडलो. दहा वर्षांचा असेन. तू हसत होतीस, पण मी थांबेना तेव्हा म्हणालीस, ‘‘बरं बाबा, मायची आण. पुन्हा कधी मुद्दाम हरणार न्हाई.’’ मी तेवढ्यावर उठलो, तोंड धुतलं. मला वाटलं आणेचा अर्थ आण असतो.

राजन्नानं माझी बाजू घ्यायच्या भरात आणखी एक केलं. त्यानं मला खेळातलं दफ्तर उघडून दाखवलं. प्रत्येक हुकूम तिथं नोंदला जातो, कोणत्या बाजूनं, कधी. मी ते कधी उघडलं नव्हतं, सगळं इंग्रजी. पण आकडे तर आकडेच असतात, आणि वार राजन्नानं सांगितले. कंधारच्या नावापुढं दोन वार होते, शुक्रवार आणि रविवार. शुक्रवार म्हणजे मी. रविवारी दुपारी मी कुठं असतो? डक्टमध्ये. हातात पाना, नाकात धूळ. आणि त्याच वेळी लातुरात बसून कंधारचा दाणा कुणीतरी हलवत होतं. एक रविवार नाही, दोन नाही. खाली खाली जात राहिलो, रविवार, रविवार, रविवार. बिदरच्या वेढ्याआधी सगळं कोठार रविवारी भरलेलं. रसद सांभाळावी तर कंधारकरांनी! हे तू म्हणालीस तेव्हा तुझं तोंड कसं होतं, अक्का? फोनवर तोंड दिसत नाही.

मी पण हट्टाला पेटलो. दोन म्हणालीस ना? मग कुठल्या दोन? मी अकराच्या अकरा लढाया दफ्तरात शोधल्या. मन्याडच्या उतारावरची एक सापडली. तिच्या आधीच्या रविवारी कंधारच्या नावावर एकही हुकूम नाही. ती माझी. नक्की माझी. तिथं मी घोडेस्वार दोन भागांत केले होते, कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी सापडेना. मग भाद्रपदाच्या जवळपास रविवार आपोआप कमी झाले, म्हणजे मला दाणा धाडायला जमू लागलं होतं. मला जरा बरं वाटलं, आणि तेवढ्यात औशाची लढाई आली. माझी सगळ्यात मोठी. तुझा स्वतःचा किल्ला मी घेतला होता, भर पावसात. त्या नोंदीत राजन्नानं बोट ठेवलं. औशाच्या तटावर तोफा, शून्य. त्या दिवशी तटावर एकही तोफ नव्हती. तुझ्यासारखी बाई पावसाळ्यात तटावरच्या तोफा उतरवते? मला दाणा समजू लागल्यावर तू दाणा हलवायचं सोडलंस आणि दरवाजा उघडा टाकलास.

माझ्या हिशोबानं एक, अक्का. तू एक जास्तच धरलीस. तेही माझं मन राखायला का?

मला राग अकराची एक झाल्याचा नाही. हे नीट ऐक. मला राग त्या एका वाक्याचा आहे, फोन करायला कारण उरलं नसतं. तुला वाटलं मी जिंकतो म्हणून फोन करतो. पंधरा वर्षांत तुला एवढंच कळलं? मी हरलो असतो तरी केला असता. तिसऱ्या ऋतूत कंधार उपाशी पडलं असतं तर मी फोन करून तुला शिव्या दिल्या असत्या, तू मला येड्या म्हणाली असतीस, आपण नवा डाव मांडला असता. मी कच्चा होतो, मला पक्कं व्हायला तू जागाच ठेवली नाहीस. मायनं, मास्तरांनी, कंपनीनं, सगळ्यांनी मला कच्चा धरला. तू पण धरत होतीस, फक्त हसतमुखानं. ज्या एका जागी मी भीत नव्हतो, ती जागा खोटी होती, आणि ती तू बांधली होतीस.

हे लिहिताना माझा हात थांबतो. कारण लगेच तो कागद आठवतो, सही करू नको म्हणालेली तू. त्या दिवशी तू माझ्यासाठी जे केलंस आणि रविवारी जे करत होतीस, ते तुझ्या हिशोबात एकच काम असेल. मिल्याला कळत नाही, आपण बघून घेऊ. एकासाठी मी तुझे पाय धरीन. दुसऱ्यासाठी मला तुझ्याशी वर्षभर बोलायचं नाही. आणि तू तर दोन्हीला जागा ठेवली नाहीस.

शेवटचा फोन. मला तो विसरता येत नाही. औसा घेतल्यापासून मी हवेत होतो. मी म्हणालो, ‘‘अक्का, आता उदगीर बी घेतो. तू आपली प्रश्नपत्रिका टाइप कर. राज्य करणं तुझं काम न्हाई.’’

तू म्हणालीस, ‘‘लई बोलाया लागलास.’’

‘‘खरं तेच बोलून राहिलो.’’

‘‘हाव का? बरं. ह्या रविवारी बघ मग.’’

‘‘काय बघू? तुला खेळताच येत न्हाई.’’

‘‘ठेवते. अंगात कणकण हाय.’’

एवढंच. मी काळजी घे म्हणालो नाही. कणकण म्हणालीस ती माझ्या कानावरून गेली, मी उदगीरचा विचार करत होतो. रविवारी फाइल आली, सोबत एक शब्द नाही. मी म्हटलं, रुसलीय, रुसू दे, शुक्रवारी बघू. शुक्रवारी दाजींनी सांगितलं दवाखान्यात नेलंय, तेव्हा कुठला खेळ? फाइल तशीच राहिली.

काल शुक्रवार होता. मी ती उघडली.

आधी दफ्तर बघितलं. मला वाटलं होतं, तापातही तू माझं कोठार भरून ठेवलं असशील. कंधारच्या नावापुढं त्या रविवारी एकही हुकूम नव्हता. मग नकाशा बघितला आणि माझ्या तोंडातून शिवी गेली. कंधारला तीन बाजूंनी तुझी फौज. उदगीरहून इतक्या झटक्यात ती कशी आली ते मला अजून कळलं नाही. चौथ्या बाजूची सगळी वैरण जाळलेली. मन्याडचा उतार, जिथं मी माझी एकुलती एक लढाई जिंकली होती, तिथं तुझे घोडेस्वार दोन भागांत उभे. मी केलं होतं तसंच. तू ते बघून ठेवलं होतंस. कोठारात एका ऋतूचाही दाणा नव्हता, कारण उदगीरच्या नादात मी तो सगळा पुढं धाडला होता. चूक माझी, आणि ह्या वेळी ती कुणी झाकली नव्हती.

तू असं खेळतेस होय? ताप अंगात घेऊन. मी किती वेळ नुसता बघत बसलो. इतकी सुंदर खेळी मी कुठं बघितली नव्हती. इतके महिने तू हे हातात धरून बसली होतीस आणि मला चिंचोके सुलटे करून देत होतीस. मला तुझा तेवढा राग कधी आला नव्हता. खरा डाव सुरू केलास आणि उठून गेलीस. मला उत्तर द्यायची एक संधी नको होती का? तू चिडून असं खेळलीस, की मला आता झेपेल असं वाटलं म्हणून? हे मी कुणाला विचारू? दाजींना तोफेतलं काही कळत नाही.

राजन्ना म्हणाला, ‘‘नक्को खेल. ऐसाच रख दे. याद रहती.’’

मी म्हटलं, ‘‘नै. वो मेरे वास्ते खेली.’’

दोन तास विचार केला. आत बसून राहिलो असतो तर लोक उपाशी मेले असते, आणि पुढची खेळी करायला तू नाहीस. म्हणून दरवाजा उघडून बाहेर पडलो. सगळं सैन्य नदीच्या उतारावर घातलं, जिथं तुझी फळी मला जरा विरळ वाटली. ती विरळ नव्हती, तसं दिसावं म्हणून तू ठेवली होतीस. मागून दुसरी तुकडी आली. माझे हत्ती चिखलात बसले. मी पुन्हा मागं जाऊन नव्यानं खेळलो असतो, फाइल तर हाताशी होती. पण गेलो नाही. पडद्यावर कंधारचं निशाण खाली आलं आणि तुझं वर गेलं.

मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवला. राजन्ना चहा घेऊन आला, पलंगाच्या कडेवर बसला. पडद्याकडं बघितलं नाही त्यानं, माझ्याकडं बघितलं.

‘‘क्या हुआ रे?’’

मी म्हटलं, ‘‘अक्का जीती.’’